एक घर, एक हाक

रेघ हलली नाही.

अंतिमानं पट्टी पोरीच्या कपाळावर नीट बसवली, कानामागची दोन्ही टोकं चाचपून पाहिली आणि परत म्हटलं, "यज्ञा."

हातातल्या पडद्यावर हिरवी रेघ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सरळ पडून राहिली. साडेआठ महिन्यांची पोर आत्याच्या, म्हणजे अंतिमाच्याच, मांडीवर मजेत होती. पट्टीची वायर तोंडात घालता येते का, एवढाच तिच्यापुढं प्रश्न होता.

"यज्ञा. ए यज्ञाऽ."

काहीच नाही. भिंतीशी बोलली असती तर भिंतीला निदान ओल तरी सुटली असती.

सोमवार होता. गुरुवारी सकाळी अकराला सरकारी तपासणी. आणि गुरुवारी ही रेघ अशीच पडून राहिली, तर पोरीला साठ दिवसांसाठी घरातून उचलून नेणार होते. हे अंतिमाला कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच ठसासेविका होती. इचलकरंजीच्या या सहा गल्ल्यांतली नऊ पोरं तिच्याच सहीनं उचलली गेली होती.

आपलं नाव कानावर पडलं की माणसाच्या मेंदूत एक लहर उठते. झोपेतसुद्धा उठते. नाव कानात शिरल्यावर साधारण तीनशे मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवते ना लवते तेवढ्यात. पुढं संशोधकांच्या लक्षात आलं, की या लहरीचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो. पाचव्या ते आठव्या महिन्यात तो पक्का होतो आणि मसणात जाईपर्यंत बदलत नाही. मग काय, सरकारच्या हाती कोलीतच लागलं. चाळीस-चाळीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरून बायांच्या बोटांवरच्या रेषा सुतानं कापून नेल्या होत्या. गवंड्यांची बोटं सिमेंटनं खाल्ली होती. अंगठा उठत नाही म्हणून रेशन नाही, अशी बोंब होती. सरकार म्हणालं, बोटं झिजली? मग डोकं द्या. कपाळावर पट्टी लावायची, नाव वाजवायचं, लहर उठली की तो माणूस खरा. त्याला नाव दिलं नादठसा. शाळा, दवाखाना, रेशन, पगार, सगळं त्या एका लहरीला बांधून टाकलं.

यात ग्यानबाची मेख अशी, की तान्ह्या पोराला आपलं नाव आपलं आहे हे ठाऊक नसतं. त्याचा मेंदू बघतो ते शब्दामागून काय येतं ते. आवाज आला, पाठोपाठ चेहरा आला, कुणीतरी उचललं, दूध मिळालं. असं हजार वेळा झालं की तो आवाज माझा. पण घरात एक म्हणतो सोन्या, दुसरी म्हणते बबडी, तिसरा म्हणतो ढब्बू. मग एकही लहर धड उठत नाही. म्हणून कायदा आला: एक घर, एक हाक. टोपणनावाला बंदी. लाडाला दंड. ज्यांच्या घरात पोराला सांभाळायला पगारी बाई असते आणि ती नेमून दिलेलं नाव नेमून दिल्यासारखं घेते, त्यांनी हा कायदा केला, हे सांगायला ज्योतिषी नको.

लहर उठली नाही की ठसा फिकट. फिकट पोर हाक केंद्रात. तिथं पांढऱ्या खोलीत साठ दिवस भोंग्यातून एकच नाव. आई नाही, बाप नाही, घरचा आवाज नाही. मागच्या गल्लीतल्या मुजावरांचा रेहान तसाच गेला आणि तसाच परत आला. आता तो भोंगा वाजला की मान वळवतो. भंगारवाल्याचा, भाजीवाल्याचा, कुठलाही. आईनं हाक मारली तर भिंतीकडं बघत बसतो. त्याच्या कागदावर अंतिमाची सही होती. रेहानची आई तेव्हापासून अंतिमा दिसली की थुंकते. थुंकी बरोबर जागीच पडते, हे अंतिमाला पटतं.

आणि आता ही पाळी तिच्या भावाच्या घरात आली होती.

भाऊ शुभम, पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. त्याची बायको ऋतुजा. या दोघांची आधीची दोन पोरं गेलेली, एक अकराव्या दिवशी, दुसरं तिसऱ्या महिन्यात, दोन्ही दवाखान्याच्या काचेपलीकडं. ही तिसरी. घरात आई मालन, आणि नवऱ्यानं तीन वर्षांत परत पाठवलेली अंतिमा. घराची सगळी कामं तिच्या अंगावर. पोर जन्मल्या दिवसापासून आंघोळ घालणं, निजवणं, दूध पाजणं तिच्याकडंच, कारण ऋतुजाला सहाव्या आठवड्यात कांड्या भरायला परत जावं लागलं.

बारशाच्या आदल्या दिवशी नावासाठी सगळे पडद्याभोवती बसले होते. सरकारचं नामयंत्र नाव घेतलं की त्याची होऊ शकणारी टोपणनावं सांगायचं. 

"राजनंदिनी," ऋतुजा हौसेनं म्हणाली होती.

यंत्र म्हणालं: संभाव्य टोपणनावं राजी, नंदी, नंदू. शाळेत नंदीबैल. धोका जास्त.

"मृण्मयी?"

मनी, मिनू, मयू, मांजर. धोका जास्त.

"ह्ये यंत्र हाय का गल्लीतलं कारटं?" शुभम हसला होता.

शेवटी यंत्रानंच सुचवलं, यज्ञा. टोपणनावाची शक्यता चार टक्के.

"यज्ञा?" मालन म्हणाली, "आन आहुती कुणाची?"

तिला नाव हवं होतं केराबाई. दोन पोरं गेल्यावर तिसरं राखायचं तर त्याला सुपात घालायचं, उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलून परत द्यायचं आणि नाव ठेवायचं केराबाई. म्हणजे मरण दाराशी आलं तरी म्हणतं, हा तर केर, कशाला न्यायचा. अंतिमानं सेविकेचा आवाज काढून सांगितलं होतं, "आई, घरात केराबाई म्हणालीस तर मलाच नोंद करावी लागंल."

"मग ऱ्हाऊ दे," मालननं हात झटकले. "चांगलं नाव घेतलं की नजर लागती. वंगाळ घेतलं की तुझं सरकार दंड करतंय. मी आपली मुकी बसते. आन तुमीबी उठसूट नाव घेऊ नका तिचं. दोन गेलीत या घरातनं."

बारशाला आत्याच्या मानानं अंतिमानं पोरीच्या कानात "कुर्रर्र" केलं, "यज्ञा" म्हटलं, बायांनी तिच्या पाठीत चांगले दणके घातले. आणि त्यानंतर त्या घरात ते नाव जवळजवळ कुणी घेतलंच नाही. मालन नजरेला भ्यायली. ऋतुजा सासूला भ्यायली, नशिबाला भ्यायली. शुभम लाडात काहीतरी भलतंच तोंडातून जाईल म्हणून सरकारला भ्यायला. अंतिमा सहा गल्ल्या सांभाळून दमायची. मांडीवर घेतलेल्या पोरीला मुकाट थोपटायची. पोर घरात "ती" झाली. ती उठली. ती रडती. तिला घे.

सहा गल्ल्यांच्या घरांत कान लावून फिरणाऱ्या बाईला आपल्या घरातलं ऐकू आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"यज्ञा," अंतिमानं अठराव्यांदा म्हटलं.

"अंतिमाऽऽ!" स्वयंपाकघरातून मालन ओरडली. "अगं दूध गेलं की उतू!"

पडद्यावरची रेघ नागानं फणा काढावा तशी उभी राहिली.

अंतिमानं पट्टी पुन्हा चाचपली. आवाजानं दचकली असेल पोर. हो, तसंच.

"आई," ती ओरडली, "तिथनंच आणखी कायतरी ओरड. मोठ्यांदा."

"काय वरडू?"

"काहीबी! गॅस बंद केला म्हण."

"गॅस बंद केलाऽ! येड लागलंय का गं तुला?"

रेघ सपाट.

अंतिमानं ओठ ओले केले. आणि अगदी हळू, कुणाची तरी चोरी करावी तसं, पोरीच्या डोक्यावर तोंड टेकवून म्हणाली, "अंतिमा."

रेघ उठली. पोरीनं मान वर केली आणि दोन दातांचं हसू तिच्या तोंडावर फेकलं.

अंतिमानं मनात दिवस उलगडून पाहिला. अंतिमा, ती उठली. अंतिमा, तिला घे. अंतिमा, तिची बाटली कुठं हाय. अंतिमा, मेलीस का तिकडं? दिवसातनं शंभर वेळा या घरात एकच नाव गर्जत होतं. आणि ते नाव गर्जलं की पोरीला काय दिसायचं? चेहरा यायचा. हात यायचे. दूध यायचं. पोरीच्या मेंदूनं चोख हिशेब लावला होता. चूक तिची नव्हतीच.

पण नाव कुठलं निवडलंस गं बाई!

अंतिमा चौथी. तीन पोरींवर चौथी झाली तेव्हा दवाखान्यात नर्सनं नाव विचारलं आणि बाप म्हणाला, अंतिमा लिवा, म्हणजे द्येवाला कळंल हिथं थांबायचं ते. दोन वर्षांनी शुभम झाला, गल्लीत पेढे वाटले, आणि नाव गुणाचं निघालं म्हणून तिला एक पेढा जास्त दिला. धाकटा असून शुभमनं तिला कधी अक्का म्हटलं नाही. घरानं जे नाव आपटायला घेतलं होतं तेच त्यानंही घेतलं. दहा वर्षांपूर्वी मोठ्या माणसांचे ठसे घेतले, तेव्हा तिनं अर्जात आरती असं लिहिलं होतं. तीन महिने आरशापुढं उभी राहून स्वतःला आरती, आरती म्हणत होती. तपासणीच्या दिवशी आरतीला रेघ मेल्यासारखी पडून राहिली. अंतिमाला टणकन उठली. साहेब हसला होता. "बाई, मेंदू खोटं बोलत नाही."

ते नाव, तेच, आता या पोरीच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

शुभम आणि ऋतुजा कामावरून आले तसं तिनं सांगून टाकलं.

"तुजं नाव?" शुभम जागचा उठला. "तिला तुजं नाव लागलंय? मुद्दाम पढवलंस व्हय?"

"मी कशाला पढवू?"

"सोताचं पोर न्हाई म्हणून," मालन म्हणाली आणि पुढं थांबली. पण मागातून उडालेला धोटा कुठं परत येतो.

अंतिमा शांतपणे म्हणाली, "बरं. मग उद्यापासनं मला हाक मारू नका. कुणीच. आणि तिला दिवसभर यज्ञा म्हणा. बघू किती वेळ जमतं."

मंगळवारी सकाळी दहाच्या आत मालननं तीनदा हाक मारली, तिन्ही वेळा जीभ चावली. शुभमला मोजा सापडेना, तो दारात उभा राहून "अं, अं" करत राहिला. ऋतुजानं रजा टाकली आणि पोरीपुढं बसून घसा बसेपर्यंत यज्ञा, यज्ञा करत राहिली. बुधवारी दुपारी अंतिमानं पट्टी लावली. सपाट. ओलं सिमेंट होतं तेव्हा कुणी फिरकलं नाही, आता वाळल्यावर बोटं घासून काय होणार?

"काय व्हईल उद्या?" ऋतुजानं विचारलं. तिचा आवाज पार गेला होता.

"साठ दिवस."

"वन्सं, मी दोन पोरं त्या काचेच्या पल्याड ठेवून हात हलवत घरला आल्ये. तिसरं देणार न्हाई. माझा जीव गेला तरी न्हाई."

"एक वाट हाय," अंतिमा म्हणाली. "तपासणीच्या वेळी आईबापाला दुसरं नाव देता येतं. एकदाच."

ऋतुजा तिच्याकडं बघत राहिली. तिला कळलं. मालनलाही कळलं. ती एकदम म्हणाली, "न्हाई. त्ये नाव नको माझ्या नातीला."

"का गं?" अंतिमानं विचारलं.

मालन पदर तोंडाला लावून आत गेली.

एक गोष्ट मात्र अंतिमानं कुणाला सांगितली नाही. नियमांच्या पुस्तकात चौदावा नियम होता आणि तो तिला पाठ होता. यंत्र ठसा शोधतं ते आधी घरावरून, मग नावावरून. एका छपराखाली एकच नाव दोनदा आलं की यंत्राला उसन्या ठशाचा संशय येतो आणि दोन्ही ठसे बंद होतात. रेशन बंद, दवाखाना बंद, पगार बंद. दोघींपैकी एकीनं छप्पर सोडायचं. साडेआठ महिन्यांची पोर तर सोडणार नव्हती.

ती रात्रभर नाही, फक्त भाजी चिरेपर्यंत विचार करत होती. दोन वांगी झाली तेवढ्यात विचार संपला.

गुरुवारी अकराला सरनाईक मॅडम आल्या. ठसा कार्यालयाच्या पर्यवेक्षक. सुती साडी, थकलेले डोळे, काखेत मोहोरबंद यंत्र. तपासणीसाठी गल्लीतले सगळे माग बंद करायला लावले होते. इचलकरंजीत शांतता म्हणजे एक तर लाइट गेली किंवा माणूस गेलं. गल्ली दारादारांतून तोंड काढून बघत होती. समोरच्या कोपऱ्यावर रेहानची आई उभी होती, पोराला कडेवर घेऊन.

पट्टी लागली. यंत्रातून बाईचा गोड आवाज आला: "यज्ञा."

सपाट.

"यज्ञा." दहा सेकंद. "यज्ञा."

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि पिशवीतून पिवळा कागद काढला. तो कागद अंतिमा ओळखत होती. "फिकट आहे. गाडी बाहेर उभी आहे. कपड्यांचे दोन जोड द्या, खेळणं नको."

ऋतुजानं पोरीला छातीशी एवढं आवळलं की पोर रडायला लागली. शुभम भिंतीला टेकून खाली बसला.

"मॅडम," अंतिमा म्हणाली, "नियम नऊ. पर्यायी नाव."

"तू सेविका आहेस, पालक नाहीस. पालकांनी सांगायला पाहिजे."

सगळ्यांनी शुभमकडं पाहिलं. त्यानं मालनकडं पाहिलं. मालन जमिनीकडं बघत होती. एवढं मोठं घर, आणि एका शब्दाला तोंड मिळेना.

"अंतिमा," ऋतुजा बसलेल्या घशानं म्हणाली. "लावा. अंतिमा."

यंत्र क्षणभर घुटमळलं. मग त्याच गोड आवाजात म्हणालं, "अंतिमा."

पोरीचं रडणं मधेच तुटलं. रेघ उठली, पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन धडकली. मॅडम पुढं वाकल्या. अशी लहर त्यांनीही कमीच पाहिली असेल.

"स्वच्छ ठसा," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी अंतिमाची पट्टी मागून घेतली, तिच्या नोंदी उघडल्या आणि चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या पट्टीवर या बाळाच्या एक्केचाळीस नोंदी आहेत. नातलगावर पट्टी लावता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय."

"नोकरी जाईल."

"पट्टी तुमच्या हातातच हाय मॅडम. परत देऊ नका."

कोपऱ्यावरून रेहानची आई बघत होती. ती थुंकली नाही.

"आणि चौदावा नियम?" मॅडमनी हलक्या आवाजात विचारलं. "तुझं नाव इथंच आहे."

"कापा. सायझिंग कारखान्याच्या मागं एक खोली बघितलीय मी."

"कसली खोली?" शुभम उठला. "कुठं चाललीस तू?"

अंतिमानं दोन वाक्यांत नियम सांगितला. शुभम मॅडमकडं वळला. "मग ही येडी आधी का बोलली न्हाई?"

"बोलले असते तर तू परत भिंतीला टेकून बसला असतास."

मॅडम फॉर्म भरत होत्या. नाव. जन्मतारीख. छप्पर क्रमांक. मग पेन थांबलं. "नावाचा अर्थ लिहायचा रकाना आहे. अंतिमा म्हणजे काय लिहू?"

अंतिमा आईकडं वळली.

"आई," अंतिमा म्हणाली, "सांग की मॅडमना. तू होतीस तिथं. काय अर्थ हाय?"

मालनचे ओठ हलले. छत्तीस वर्षं तिनं ते नाव भांड्यासारखं आपटलं होतं. आत काय आहे हे कधी कुणी तिला विचारलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अंतिमाला त्या पाण्याची कीव आली नाही. यायला हवी होती की नव्हती, हे तिनं नंतरसाठी ठेवलं.

"मी सांगते," ऋतुजा म्हणाली. तिनं पोरीला खांद्यावर घेतलं, वन्संकडं पाहिलं. "हाक मारली की येणारी. असं लिवा."

मॅडमनी शब्दकोश मागितला नाही. लिहून टाकलं.

अंतिमाचं सामान दोन पिशव्यांत मावलं. एवढं राबून माणसाचं सामान दोन पिशव्यांत मावतं, हे तिला त्या दिवशी कळलं. शुभम दारापर्यंत आला. एक पिशवी तिच्या हातातून घेतली, पुढं काय करावं त्याला सुचेना.

"मग आता तुला हाक काय मारायची?" त्यानं विचारलं. आणि स्वतःच म्हणाला, "अक्का."

"चौतीस वर्षं उशीर केलास," ती म्हणाली. "पिशवी धर नीट, बंद तुटायला आलाय."

बाहेर माग परत सुरू झाले. एक, मग दुसरा, मग सगळी गल्ली खडखडायला लागली. अंतिमा त्याच्याकडून पिशवी घेऊन पायरी उतरली. मागं पोर रडायला लागली होती. ओळखीचे हात दूर चाललेले तिला दिसले असावेत. ऋतुजा थोपटत होती, काही उपयोग होत नव्हता.

मग मागांच्या खडखडाटावरून मालनचा आवाज आला. पण तो नेहमीचा आपटलेला नव्हता. तान्ह्या पोराशी बोलतात तसा, ओला, लांबवलेला.

"अंतिमाऽऽ... ए माज्ये अंतिमाऽ..."

अंतिमाची मान वळली. तिनं वळवली नाही, ती वळलीच. तीनशे मिलिसेकंद. या आवाजात हे नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

आत पोरीचं रडणं थांबलं.

अंतिमानं मान सरळ केली, दुसरी पिशवी खांद्यावर टाकली आणि चालायला लागली. हाक तिला नव्हती.